थंड प्लाझ्मा आणि न भरणारी जखम



कामगार संघटनेतल्या माणसाने वैद्यकावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण प्लाझ्मा हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो पत्रे कापण्याच्या शेडमध्ये. वायूतून वीज खेळवली की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्या अवस्थेला आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली हे नाव दिले. रक्तातला प्लाझ्मा निराळा, नाव तेवढे एक. शेडमधली ती ज्योत पोलादी पत्रा बघता बघता चिरते. मग तीच माणसाच्या कातडीवर धरायची कशी?

युक्ती अशी, की हलके इलेक्ट्रॉन तेवढे तापवायचे आणि जड अणूंना तापायला सवडच द्यायची नाही. त्यासाठी वीज अतिसूक्ष्म ठोक्यांनी देतात, किंवा आर्गॉन वायू सतत वाहता ठेवतात. झोत बोटाला कोमट लागतो. त्यात ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांची अल्पायुषी, पण भारी चपळ संयुगे तयार होतात. ती जंतूंवर तुटून पडतात आणि बेताच्या मात्रेत कातडीच्या पेशींना वाढीची चेतना देतात.

जर्मनीत या विद्येवर पुष्कळ काम झाले. तिथल्या ३६ रुग्णांच्या जुनाट, दूषित जखमांवर रोज पाच मिनिटे हा झोत दिला. बरोबर नेहमीची मलमपट्टी होतीच. २०१० साली निष्कर्ष छापून आला: झोत न दिलेल्या भागापेक्षा जंतू ३४ टक्क्यांनी अधिक घटले. पण जंतू घटले म्हणजे जखम भरली असे नव्हे. मधुमेही पायांवरच्या २०२० सालच्या चाचणीत उलटेच दिसले. जखमेचे क्षेत्र लवकर आकसले, जंतुसंसर्गात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे गुण कशाने येतो, याचा उलगडा अजून व्हायचा आहे. इसब, मुरमे, सोरायसिस यांवरचा पुरावा तर याहून तोकडा. तेव्हा सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानातली जाहिरात पाहून कोणी पैसे मोजू नयेत.

आम्हाला हा विषय का जवळचा, ते सांगतो. यंत्रमागावर बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायाच्या शिरा फुगतात, त्यांतल्या झडपा निकामी होतात, रक्त खालीच साचते, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि एक दिवस फुटते. ही जखम वर्षानुवर्षे वाहते. आमच्या ओळखीच्या एका कांडीवाल्याने ती चिंध्यांखाली लपवली होती, कारण मालक वास आला की घरी बसवी. अशा पायावर प्लाझ्मा उपयोगी पडेलही. पण आधी हवा तो डॉक्टरच्या देखरेखीखाली बांधलेला घट्ट दाबपट्टा, पाय वर घेऊन टेकायला जागा, आणि मागाजवळ एक स्टूल! स्टुलाला जर्मन विज्ञान लागत नाही.

विश्रांतीचा पगार मिळावा म्हणून १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याला विम्याचे कार्ड कुठले? सध्या आमची मंडळी शेडोशेडी फिरून अशी नावे उतरवून घेत आहेत.