कारखाना सुरू झाला, पण काम परत आलं का?

आज गटाच्या बैठकीत आपण एका प्रश्नावर बोलू. मंदी संपली, कारखान्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले. मग गावात परतलेली माणसं अजून शेतातच का?

एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घटलं. पुढे कारखान्यांचा माल पुन्हा निघू लागला. माणसांचं मात्र तसं झालं नाही. सरकारी पाहणी सांगते की २०१८-१९ साली काम करणाऱ्या शंभरांतले ४२-४३ जण शेतीवर होते. २०२०-२१ साली ते ४६ च्या वर गेले, आणि २०२३-२४ सालीही ४६ च होते. कारखान्यांतले शंभरात १२ होते, ते ११ वर आले. शेत तेवढंच, हात वाढले. मग मजुरी वाढणार कशी?

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचे यंत्रमाग बघा. छोट्या शेडमध्ये मोजके माग, मोजके कामगार. २०२१-२२ मध्ये सूत कडाडलं, तेव्हा मोठ्या गिरणीला दम धरता आला, छोट्या मागवाल्याला नाही. माग थांबला की कांड्या भरणाऱ्या बाईचंही काम थांबतं. तिचं नाव कुठल्याच हजेरीत नसतं, म्हणून तिचं काम गेलं हे कागदावर दिसतच नाही.

मोठ्या कारखान्यांत भरती होते, पण दहातले चार कामगार ठेकेदाराचे. काम तेच, पण मंदी आली की पहिला नंबर त्यांचाच.

म्हणून आम्ही म्हणतो, काम मिळालं एवढ्यावर थांबू नका. चार गोष्टी विचारा. ठेकेदार कोण आणि मूळ कंपनी कोणती? ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्यानं मूळ कंपनीवर येते. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ कापतात का, आणि आपला बारा आकडी यूएएन नंबर कोणता? दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयचं कार्ड आहे का? त्यातून दवाखाना मिळतो, आणि ठरलेले दिवस भरले असतील तर बाळंतपणाची पगारी रजाही. आणि चौथं, पगाराची पावती मिळते का?

घरी नगावर काम करणाऱ्यांनी वही ठेवावी. तारीख, किती नग दिले, दर काय, पैसे कधी आले. एकटीनं दर वाढवून मागितला तर काम दुसरीकडे जातं. गल्लीतल्या सगळ्यांच्या वह्या एकत्र आल्या तर दर ठरवायला बसता येतं.

पुढच्या बैठकीत एवढं करा: आपल्या गावातून कारखान्यात कोण जातं, किती जणींकडे पावती आहे, याची यादी काढा. मंदी पुन्हा येईल तेव्हा आपलं नाव कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.