निवांत वाट कोणासाठी?

सप्तशृंगगडाचा घाट वगळला, तर कळवण-अभोण्याचा गिरणाकाठ सायकलीला सोसणारा आहे. चणकापूर धरणाकडील आडवाटांवर शहरी प्रवासी शांतता शोधतो. पाड्यावरील मुलीला मात्र तशाच वाटेने शाळा गाठावयाची असते. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता चळवळीने हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविली. अक्षरांबरोबर त्यांना संचाराचे स्वातंत्र्य लाभले; बाजारासाठी, पाण्यासाठी पुरुषांवर विसंबणे कमी झाले. सायकलीला इंधन लागत नाही, परंतु निर्धोक वाट लागते. आणि ती एकट्याच्या पैशाने विकत घेता येत नाही. म्हणून रस्तारुंदीचा प्रश्न निघेल तेथे सायकलीसाठी स्वतंत्र पट्टा राखण्याचा ठराव ग्रामसभांनी करावा. कार्यकर्त्यांनी त्यासाठी आधी पाड्यांवर जावे, शक्यतो सायकलनेच.