धरणाच्या पाण्यावरची जेट्टी: सीझनआधी काय काय बघायचं

[आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललं गेलं तसंच.]



नवरात्र संपलं की पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला मेसेज येतो. "पानशेतला जायचं का? ओळखीच्या एकाची स्वतःची जेट्टी आहे." कधी पानशेत, कधी पवना, कधी मुळशी. मग कोणीतरी कायाक आणतं, कोणीतरी स्पीकर, आणि पंधरा जणं एका तरंगत्या फळकुटावर उभी राहून फोटो काढतात. त्या फळकुटाकडे शेवटचं कोणी, कधी बघितलंय, हे कोणीच विचारत नाही. आज आपण तेवढंच विचारणार आहोत.

मी शिक्षणाने मेकॅनिकलवाला. गेली सहा वर्षं बॅकवॉटरच्या काठावरचा, एका ओळखीच्या कुटुंबाचा तरंगता धक्का आम्ही चौघं मिळून दर सीझनला तयार करतो. त्यामुळे बोलतोय ते हात काळे करून शिकलेलं आहे. पुण्याला बोटींचं वेड काही नवीन नाही बरं का. सीओईपीचा बोट क्लब 1928 चा. दर वर्षी मार्चच्या आसपास मुळेच्या पात्रात त्यांचा रेगाटा होतो, मशाली काय, कायाकच्या रचना काय. दापोडीला सीएमईत सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथेच घडला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकला गेला. पण तिथे शिस्त असते, प्रशिक्षक असतात. खाजगी जेट्टीवर असतो तो फक्त उत्साह.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. परदेशातले व्हिडिओ बघून आपण जेट्टी म्हणजे तळ्यात रोवलेले खांब आणि वर फळ्या असं चित्र धरतो. आपल्याकडे ते चालत नाही, कारण आपली तळी म्हणजे धरणं आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण 29 टीएमसी पाणी साठतं, आणि ते आपल्या नळाला आणि खाली दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. सप्टेंबरात पाणी काठोकाठ. पुढे पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यात सोडत जातात, आणि मे महिन्यापर्यंत तेच पाणी कित्येक पुरुष खाली गेलेलं असतं. ऑक्टोबरात जिथून सूर मारला तिथे एप्रिलमध्ये म्हशी चरतात. म्हणून धक्का तरंगताच हवा, आणि तो पाण्याबरोबर खाली सरकवत न्यावा लागतो. दर पंधरवड्याला. ज्याला हे जमणार नाही त्याने जेट्टी ठेवू नये, माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, "खाजगी" हा शब्द जरा जपून. तुमचा प्लॉट तुमचा असेल. धरणाच्या पूर्ण पातळीपर्यंतची जमीन संपादित झालेली असते, ती जलसंपदा विभागाकडे. त्यांच्या परवानगीशिवाय पाण्यात काही ठेवता येत नाही. मुळशीचं धरण टाटांचं, तिथे त्यांना विचारायचं. यंत्रावर चालणारी बोट ठेवणार असाल तर तिची नोंदणी आणि तपासणी वेगळी, ती महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. कंटाळवाणं आहे, मान्य. पण कागद नसेल तर पुढचं सगळं ऐकून उपयोग नाही.

आता कामाला लागू. खरी तयारी ऑक्टोबरात सुरू होत नाही, ती मे महिन्यात होते. पाणी खाली गेलेलं असतं, धक्का काठावर ओढून कोरड्यावर ठेवता येतो. खालची बाजू दिसते. तरंगत्या धक्क्याखाली शिरून बोल्ट आवळायला जाणारे वीर मी पाहिलेत. खाली अंधार, डोकं वर काढावं तर फळ्यांना आपटतं, दोर पायात अडकतो. चांगला पोहणारा माणूसही तिथे घाबरतो. कोरड्यावर उताणं पडून तेच काम दहा मिनिटांत होतं. खालचं काम मे मध्ये, वरचं ऑक्टोबरात, अशी आमची वाटणी आहे.

कोरड्यावर सगळ्यात आधी पिंपं बघायची. आपल्याकडचे बहुतेक धक्के दोनशे लिटरच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपांवर असतात. प्रत्येक पिंप हाताने ठोकायचं, रिकाम्याचा आवाज आणि पाणी शिरलेल्याचा आवाज लगेच कळतो. बुचाभोवती साबणाचं पाणी लावून पिंप थोडं दाबायचं, बुडबुडा आला तर बूच बदला. उन्हाने पांढरट पडलेलं, नखाने भुगा निघणारं पिंप सरळ भंगारात. नवीन आणताना मात्र एक बघा: त्यात आधी काय होतं? केमिकलचं पिंप स्वस्त मिळतं, पण हे पाणी उद्या तुमच्या स्वयंपाकघरात येणार आहे. त्याच कारणाने रंगकाम आणि ऑइल लावणं पाण्यावर करायचं नाही. शेवाळ काढायला ॲसिड नाही, ब्लीच नाही. काथ्याचा खराटा, पाणी आणि अंगमेहनत.

मग लाकूड. फळी वरून छान दिसते आणि खिळ्याच्या आजूबाजूला आतून कुजलेली असते. जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दर वीतभर अंतरावर टोचत जा. टोक सहज आत गेलं की ती फळी गेली. डागडुजी करू नका, बदला. खिळे पावसाळ्यात फुगलेल्या लाकडातून वर येतात, अनवाणी पायाला पहिला तोच भेटतो. आम्ही खिळे सोडून जीआयचे बोल्ट आणि रुंद वॉशर लावले, तेव्हापासून टिटॅनसच्या इंजेक्शनचा खर्च वाचलाय. ऑक्टोबरात फळ्या उचलताना हातमोजे घाला आणि आधी काठी आपटा. पावसाळाभर पडून असलेल्या लाकडाखाली विंचू असतोच, कधी कधी सापही.

आता हिशोब. हा भाग जरा थांबून ऐका, कारण इथेच माणसं मरतात.

दोनशे लिटरचं पिंप पूर्ण बुडालं तर साधारण दोनशे किलो उचलतं. समजा बारा पिंपं आहेत. झाले 2400 किलो. त्यातून पिंपांचं स्वतःचं वजन शंभरेक किलो, लोखंडी सांगाडा आणि ओल्या फळ्यांचे सातशे धरा. राहिले 1600. पण 1600 किलो चढवले तर धक्का पाण्याच्या बरोबरीला येईल, म्हणजे बुडायच्या काठावर. म्हणून त्याचं निम्मं धरायचं: 800 किलो. पंचाहत्तर किलोचा एक माणूस म्हटला तर दहा माणसं. संपलं. आणि हे दहाही जणं सगळीकडे पसरून उभे असतील तर! सूर्यास्ताचा फोटो एकाच बाजूने येतो, सगळे त्या कोपऱ्यात जमतात, तिथली तीन पिंपं खाली जातात, समोरची बाजू वर उचलली जाते. धक्का बुडत नाही, पण माणसं घसरून एकमेकांवर पडतात. आम्ही धक्क्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात "एका वेळी 10 माणसं" असं रंगवलंय. खरं सांगायचं तर नुसतं रंगवून पुरत नाही, एकाने तिथे उभं राहून मोजावं लागतं.

15 जून 2025 आठवतो? रविवार होता. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जणांचा जीव गेला. पूल धोक्याचा आहे हे माहीत होतं, फलकही होता, आणि तरी त्यावर माणसांची गर्दी होती. पुलाचा आणि धक्क्याचा प्रश्न एकच आहे. लोखंड जुनं होत जातं, गर्दी वाढत जाते.

नांगराकडे येऊ. बहुतेक जण काँक्रीटचा ठोकळा दोरीला बांधून टाकतात. शंभर किलोचा ठोकळा पाण्यात गेला की त्याचं वजन साठ किलोच्याही थोडं खालीच उरतं, आणि आपल्या धरणांचा तळ उताराचा आहे, ठोकळा घरंगळतो. म्हणून दोन नांगर पाण्यात आणि दोन दोर काठावरच्या पक्क्या खुंटांना, असं चौकोनी बांधायचं. साखळीची सगळ्यात झिजलेली कडी शोधा. ती बहुधा शॅकलजवळ असते. मूळ जाडीपेक्षा स्पष्ट बारीक दिसली तर साखळी बदला. नायलॉनच्या दोराचा पीळ उकलून आत बघा. बाहेरून मऊ असलेला दोर आतून भुगा झालेला असू शकतो. पावसाळ्यात पाणी एका रात्रीत बरंच चढतं, तेव्हा दोर घट्ट बांधलेला असेल तर तोच धक्क्याला खाली ओढून धरतो. जुलैत ढील द्यायची, किंवा सरळ धक्का वर काढून ठेवायचा. आम्ही वर काढतो.

विजेबद्दल एकच सांगतो आणि त्यावर चर्चा नाही. धक्क्यावर घरातली 230 व्होल्टची वायर न्यायची नाही. दिवाळीची माळ नाही, स्पीकरचं एक्स्टेंशन नाही. गोड्या पाण्यात हे जास्त धोक्याचं असतं, कारण आपल्या अंगात क्षार असतात, त्यामुळे धरणाच्या पाण्यापेक्षा वीज आपल्या शरीरातून जास्त सहज जाते. झटका प्राणघातक नसला तरी हातपाय आखडतात, आणि पोहता येणारा माणूस बुडतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बारा व्होल्टचे बॅटरीवरचे किंवा सौर दिवे लावा, छान दिसतात. काठावरच्या घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि त्याचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं. पाण्यात कोणाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर उडी मारून वाचवायला जाऊ नका. आधी मेन स्विच बंद, आणि त्याला धक्क्यापासून लांब पोहायला सांगा.

शिडी. सगळे विसरतात. धक्का पाण्यापासून हातभर वर असतो, दमलेल्या माणसाला, त्यातून कपडे ओले असताना, तेवढं चढता येत नाही. शिडीच्या निदान तीन पायऱ्या पाण्याखाली हव्यात. शेजारी वीसेक मीटर दोर बांधलेली रिंग, कुलपात नाही, उघड्यावर. एक वर्ष आम्ही ती टांगली आणि दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी तिचा दोर कपडे वाळत घालायला नेला. आता तिथे कपड्यांसाठी वेगळा दोर आहे.

लाइफ जॅकेटचं सांगायला नको असं वाटतं, पण सांगतो. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी 21 मे ला आपल्या उजनीत, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. जॅकेट तपासायचं म्हणजे पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढायचा, बकल सुटतंय का बघायचं, मग ते घालून कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाय उचलायचे. जॅकेट वर सरकून कानाशी आलं तर ते मोठं आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालणं म्हणजे न घालण्यासारखंच, मूल खालून निसटतं. मुलांच्या मापाची, पायामधून पट्टा असलेली वेगळी घ्या. धक्क्यावर काम करतानाही घाला. आमच्यातला एक जण पाना हातात घेऊन पडला, नेमका जॅकेट घालून होता, हसत वर आला.

उजनीवरून आठवलं. आपला सीझन पाऊस लागल्यावर संपत नाही, वळवाला संपतो. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेला किंवा डोंगरामागे काळं दिसलं आणि वारा अचानक पडला की बोटी काठाला. तिथल्या मासेमारांना विचारा, ते तुमच्या ॲपच्या आधी सांगतात. आणि पाणी उतरत गेलं की जुन्या गावांच्या भिंती, बांध, झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. या धरणांखाली गावं आहेत. म्हणून धक्क्यावरून सूर मारणं बंद, ऑक्टोबरातही. गढूळ पाण्याची खोली डोळ्याला कळत नाही. खुणा केलेला बांबू घेऊन धक्क्याभोवती मोजून ठेवा.

शेवटचं काम फोनचं. बॅकवॉटरला रेंज येते-जाते. पहिल्याच दिवशी कोणत्या कंपनीचा फोन कुठल्या दगडावर उभं राहिल्यावर लागतो ते शोधा आणि सगळ्यांना दाखवा. 112 आणि 108. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते आधी जाऊन बघा, रात्री उघडं असतं का ते विचारा. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पालथं घालून पोट दाबू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं. हे एका दिवसात शिकता येतं, आमच्यातले दोघं शिकलेत, या वर्षी उरलेले दोघं जाणार आहोत. तुमच्या धक्क्याचे फोटो असतील तर पाठवा. वरचे नकोत, खालच्या बाजूचे पाठवा.