हजार हातांचं यंत्र आणि न मोजलेली बाई

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज आपण संगणकातल्या ग्राफिक्स प्रोसेसरबद्दल बोलू. नाव ऐकून दचकू नका. ते समजायला आपलं निंदण पुरेसं आहे.

एकटी बाई कितीही चपळ असली, तरी मोठं शेत निंदायला तिला कित्येक दिवस लागतात. पन्नास जणींनी एकेक पात धरली, तर तेच काम दिवसात उरकतं, कारण एकीची पात दुसरीवर अडत नाही. पण पेरणी, निंदण आणि वेचणी एकामागून एकच होणार. तिथे हात वाढवून उपयोग नाही.

नेहमीच्या प्रोसेसरला हुशार, पण मोजकेच हात असतात. ग्राफिक्स प्रोसेसर हजारो हातांनी एकच साधं गणित एका वेळी करतो. पडद्यावरच्या खेळांची चित्रं भराभर रंगवण्यासाठी तो बनला. २००७ साली एनव्हिडिया कंपनीने ‘कुडा’ प्रणाली आणली आणि हवामान, औषधांचे रेणू अशा संशोधनाची गणितं त्याच्याकडून करून घेणं सोपं झालं.

हे सारं परदेशातच घडतं असं नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली अनेक प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ उभा केला. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ ग्राफिक्स प्रोसेसरच्या बळावर नोव्हेंबर २०२०च्या जागतिक यादीत ६३वा आला.

मग आपला संबंध काय? यंत्र कितीही वेगवान असो, नोंदलेलंच मोजतं. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. उद्या कुणी या विषयावर संशोधन करील. नोंदीत फक्त ‘फवारणारा’ असेल, तर औषध कालवायला पाणी आणणारी, फवारलेल्या शेतात निंदणारी, विषाने भिजलेले कपडे धुणारी बाई त्यात कुठे दिसेल? हजारो हात लावले तरी ती सापडणार नाही. उलट, ‘बायकांना धोका नाही’ हा चुकीचा निष्कर्ष झटक्यात तयार होईल आणि तो यंत्राचा म्हणून खरा मानला जाईल.

म्हणून गटाच्या वहीत लिहायला लागा: कोणत्या दिवशी, कोणतं काम, काय त्रास झाला. माहिती मागायला येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला विचारा: बायकांना वेगळं विचारलंत का? निष्कर्ष आम्हाला सांगायला परत येणार का?

यंत्र पुण्यात असू दे. काय मोजायचं हे ठरवताना मात्र आपण तिथे असलंच पाहिजे.