शस्त्रक्रियेनंतरचा दुर्मीळ नेत्रसंसर्ग : निदान आणि उपचार

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग, म्हणजेच एंडोफ्थॅल्मायटिस, क्वचित होतो. पण झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बहुतेक वेळा त्याला पापण्यांच्या कडांवरचे स्टॅफिलोकोकस गटातले जंतू कारणीभूत असतात. अमेरिकेत 420 रुग्णांवर झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एंडोफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टमी स्टडी’ने उपचाराची दिशा ठरवली. प्रतिजैविक थेट व्हिट्रियसमध्ये, म्हणजे डोळ्यातील जेलीसारख्या पदार्थात, टोचावे आणि फक्त प्रकाशाची जाणीव उरली असेल, तर तातडीने व्हिट्रेक्टमी, म्हणजे तो पदार्थ काढण्याची शस्त्रक्रिया, करावी. शिरेतून प्रतिजैविक दिल्याने अधिक लाभ झाल्याचे त्यात आढळले नाही. आज सामान्यतः व्हँकोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम, प्रत्येकी 0.1 मिलिलिटरमध्ये, दिले जाते.

काही दुर्मीळ जंतूंपुढे मात्र ही जोडी अपुरी पडते. मातीत राहणारा नोकार्डिया आणि पाण्यात आढळणारे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया तिला सहसा दाद देत नाहीत. तेथे अमिकासिनचा आधार घ्यावा लागतो. नोकार्डियासाठी को-ट्रायमोक्साझोल, तर मायकोबॅक्टेरियासाठी क्लॅरिथ्रोमायसिन जोडीला येते. अमिकासिनमुळे दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला इजा होण्याचा धोका असल्याने मात्रा काटेकोरपणे मोजावी लागते.

क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जंतूची चाल वेगळी आहे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, डोळा किंचित लाल होतो आणि भिंगाच्या पिशवीवर पांढरट थर दिसतो. स्टेरॉइडचे थेंब घातले की दाह ओसरतो, थांबवले की परततो. हा जंतू व्हँकोमायसिनला संवेदनशील असला, तरी पिशवीत दडून बसतो. त्यामुळे नुसते इंजेक्शन दिल्यास संसर्ग अनेकदा उलटतो आणि व्हिट्रेक्टमीसोबत पिशवीचा भाग, प्रसंगी कृत्रिम भिंगही काढावे लागते.

म्हणून उपचाराची पहिली पायरी नमुना घेणे ही आहे. प्रतिजैविक टोचण्याआधी व्हिट्रियसचा नमुना घ्यावा आणि प्रयोगशाळेला रुग्णाची हकिकत कळवावी. ग्राम रंजनासोबत सौम्य आम्ल वापरून आम्लरोधी रंजन केले, तर नोकार्डियाचे बारीक, फांद्या फुटलेले तंतू दिसू शकतात. क्युटिबॅक्टेरियमसाठी प्राणवायूविरहित माध्यम लागते आणि संवर्धन 14 दिवसांपर्यंत ठेवावे लागते. दोन दिवसांत वाढ नाही म्हणून ‘जंतू नाहीत’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरते. बुरशीचा संसर्गही असाच सावकाश दिसू शकतो, म्हणून तिचीही तपासणी हवी.

एकाच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या अनेक डोळ्यांत बर्कहोल्डेरिया किंवा स्टेनोट्रोफोमोनास हे जंतू आढळले, तर संशय शस्त्रक्रियागृहातील पाणी, द्रावणे आणि निर्जंतुकीकरण यांवर घ्यावा. तेथील काम ताबडतोब थांबवून वापरलेल्या बॅचचे नमुने जपून ठेवावेत.

प्रतिबंधाचा पाया मात्र साधा आहे. शस्त्रक्रियेआधी 5 टक्के पोव्हिडोन-आयोडीन डोळ्यात घालावे. शस्त्रक्रियेच्या अखेरीस डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात प्रतिजैविक दिल्याने संसर्ग घटतो, हे सेफुरॉक्झिमच्या युरोपीय चाचणीने आणि मोक्सिफ्लॉक्सासिनच्या बाबतीत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मोठ्या अनुभवाने दाखवले आहे.

प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने एवढे पाळावे : दाह लांबला किंवा परतला, तर स्टेरॉइड वाढवण्याआधी नमुना घ्यावा, आणि प्रयोगशाळेला पुरेसे दिवस द्यावेत.