अंगणवाडीतली गुंतवणूक



थोड्या वेळात हुशार मुलं बक्षिसं घ्यायला शाळेच्या या व्यासपीठावर येतील. त्यांचं कौतुक करायचंच, पण ती हुशारी घडली कधी, यावर एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मला पालकांशी बोलायचं आहे.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालामध्ये १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन गावांत ‘अतोले’ ही दुधाची, भरपूर प्रथिनांची पेज रोज दिली जायची. उरलेल्या दोन गावांत नुसतं गोड पेय, त्यात प्रथिनं नाहीत. मुलं मोठी होऊन कमावती झाली तेव्हा संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त होती! बायकांच्या कमाईत तसा ठळक फरक नव्हता, पण त्या साधारण एक इयत्ता जास्त शिकल्या होत्या. वयाच्या तीन वर्षांनंतर पेज मिळालेल्यांच्या कमाईत मात्र काहीच फरक नव्हता.

असं का? तान्ह्या बाळाला स्वस्थ पडून असताना जी ऊर्जा लागते, तिच्यातली निम्म्याहून अधिक एकटा मेंदू वापरतो. तेव्हा, किंवा त्याआधी आईच्या पोटात असताना, प्रथिनं, लोह, आयोडीन कमी पडलं, तर पुढे ते भरून काढणं फार अवघड.

दहावीच्या क्लाससाठी आपण कर्ज काढतो. पण गरोदर सुनेचं हिमोग्लोबिन आठ आहे म्हटलं, की “आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या?” हे उत्तर मी आजही ऐकतो आणि मला राग येतो. धरणाला, कारखान्याला आपण गुंतवणूक म्हणतो आणि अंगणवाडीतल्या आहाराला खर्च. हा हिशेबच चुकीचा आहे. १९७५ साली अंगणवाडीची योजना सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या सेविका तुटपुंज्या मानधनावर मुलांची वजनं घेत आल्या आहेत.

मुलींनो, शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात ठेवून देऊ नका. जेवल्यावर घ्या.

मुख्याध्यापिका बाई, बक्षीस समारंभाआधी एक विनंती आहे. गावातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस इथे मागे उभ्या आहेत. त्यांना व्यासपीठावर बोलवा, आणि पहिलं बक्षीस माझ्याऐवजी त्यांच्या हातून द्या.