उताराचा जिल्हा: धारहून निसरपूरपर्यंत



धार जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगला की सगळा जिल्हा एका पातळीत दिसतो. ८,१५३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, एवढे तहसील, एवढी गावे. शाळेत आपण भूगोल असाच शिकलो. हा जिल्हा मात्र क्षेत्रफळाने समजत नाही, तो उंचीने समजतो. आपण बसलो आहोत ते धार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मांडू सव्वासहाशेच्या वर जाते. कुक्षीच्या पलीकडे, नर्मदेच्या उत्तर काठाजवळ निसरपूर आहे, ते दीडशे मीटरच्या आसपास. शंभरएक किलोमीटरच्या रस्त्यात आपण चारशे मीटर खाली उतरतो आणि त्यातला बराचसा उतार घाटाच्या थोड्याशा अंतरात उरकतो. माती, पाणी, पीक, घराची बांधणी, बाजार, इतकेच काय लढायासुद्धा या उताराप्रमाणे लावून पाहिल्या तर जिल्हा उलगडतो. निसरपूरच्या वाट्याला जे आले, ते उंचीचा हिशेब कागदावर एक आणि नदीत दुसरा, यामुळे आले, असे माझे मत आहे. ते तुमच्यापुढे नीट मांडायचा आज प्रयत्न करतो.

आधी पाण्याचे पाहू. सरदारपूर तहसिलात मिंडा गावाजवळ मही उगमते. ती आधी उत्तरेला जाते, राजस्थानात बांसवाड्याकडे वळते आणि मग गुजरातेतून खंबातच्या आखाताला मिळते. या वळणामुळे ती कर्कवृत्त दोनदा ओलांडते. बदनावरकडचे पाणी चंबळेला, तिथून यमुनेला, गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. विंध्याच्या कड्यावरून दक्षिणेला पडलेला थेंब मान, उरी, बाघनी अशा छोट्या नद्यांतून नर्मदेला जातो. एकाच जिल्ह्यातला पाऊस असा तीन दिशांना पांगतो, म्हणून पठारावर पाणी थांबत नाही. माळव्यात तळी आणि बंधारे इतके जुने का, याचे कारण हेच आहे. मांडूच्या राजवाड्यांतले हौद आणि पाण्याचे पाट पाहताना आपण शिल्पकलेचे कौतुक करतो, पण ते बांधणाऱ्यांना डोंगरमाथ्यावर राहण्याची अडचण पक्की ठाऊक होती.

आता हा कडा. विंध्य म्हटले की पिवळसर वालुकाश्म डोळ्यांपुढे येतो, पण आपल्या बाजूचा विंध्य बहुतांशी सह्याद्रीसारख्याच काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्हाच्या थरांचा आहे. पायऱ्यापायऱ्यांचे उतार, सपाट माथे आणि मध्येच तुटलेल्या खोल खोऱ्या. पुणे-नाशिककडून आलेल्या माणसाला हे डोंगर ओळखीचे वाटतात, ते उगाच नाही. उत्तरेकडून येणाऱ्याला विंध्य कळतही नाही. पठार हळूहळू चढत जाते आणि अचानक पायाखाली दरी उघडते. दक्षिणेकडून येणाऱ्यासमोर मात्र भिंत उभी असते. तिच्यात वाट शोधावी लागते आणि वाटा मोजक्या आहेत.

पवारांचे धार संस्थान उभे राहिले त्यामागे या मोजक्या वाटांचा मोठा हात आहे. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांची फौज नर्मदा उतरून आली, तेव्हा माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याजवळ मोर्चा धरून होता. मराठे आपल्या समोरच्या घाटाने वर येतील असा त्याचा अंदाज होता. मराठे मांडूच्या घाटाने चढले. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याला लढाई झाली आणि त्यात गिरधर बहादूर पडला. ही लढाई शौर्याची म्हणून आपण मुलांना सांगतो. घाट कोणता निवडायचा, कड्यावर कोणत्या तासाला पोचायचे, वर आल्यावर घोड्यांना पाणी कुठे, हे ज्याला कळले त्याची ती लढाई होती, हेही सांगायला हवे.

याच कड्यावरून टांड्याकडून बाग गावाला उतरताना पृथ्वीचा फार जुना इतिहास उलट्या क्रमाने समोर येतो. वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्याखाली चुनखडीचे थर, आणि त्या चुनखडीत शंख-शिंपल्यांचे ठसे. अरबी समुद्र इथून कित्येक कोसांवर असताना हे आले कुठून? सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खचदरीतून समुद्राचा एक फाटा पश्चिमेकडून इथवर आत आला होता. भूशास्त्रात या खडकांना बागेचेच नाव आहे. पुढे समुद्र हटला, जमीन उघडी पडली आणि त्या मातीत प्रचंड डायनोसोरांनी अंडी घातली. २०२३ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी बाग-कुक्षी परिसरातल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध केली. यातले काही गोलाकार दगड पाडल्या गावात कुलदैवत म्हणून पुजले जात होते. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. शेतात नांगराला लागलेला इतका वेगळा, इतका नीट घडलेला गोळा साधा दगड नव्हे, हे त्या लोकांनी संशोधकांच्या आधी ओळखले आणि जपले.

चुनखडीच्याही खाली वालुकाश्म आहे. बागेची लेणी याच दगडात कोरलेली आहेत, पाचव्या-सहाव्या शतकातली. अजिंठ्याचा कातळ कठीण आहे, बागेचा दगड मऊ. वरून झिरपणारे पाणी आणि माथ्यावरच्या थरांचा भार त्याला पेलवला नाही. नऊ लेण्यांपैकी चार जवळजवळ गेलीच. राहिलेल्या भिंतींवरची चित्रे ओलीने खाल्ली आणि शेवटी जी वाचवता आली ती ग्वाल्हेरच्या गुजरी महालात नेऊन ठेवावी लागली. चित्रकार अजिंठ्याच्याच तोलाचे होते. दगडाने साथ दिली नाही. लेण्यांपुढून वाहणाऱ्या बाघनीच्या पाण्यात इथले खत्री कारागीर ठशांचे कापड धुतात. लाल आणि काळा रंग खुलतो तो वाहत्या पाण्याने, असे ते सांगतात. त्यांच्या कामाला नदी वाहतीच लागते, साठवलेले पाणी चालत नाही.

बाघनी आणि उरी एकत्र होऊन निसरपूरच्या अंगाने नर्मदेकडे जातात. जवळच कोटेश्वराचे तीर्थ आहे, परिक्रमेला निघालेल्या मराठी माणसांना ते माहीत असते. इथे आपण निमाडात असतो. हवा वेगळी, उन्हाळा अंगावर येणारा. माळव्यात मे महिन्यातही रात्र गार होते, इथे कातळ आणि दरी दोन्ही रात्रभर धग सोडत राहतात. पाऊस पठारापेक्षा कमी आणि लहरी. वरच्या उतारांवर सागवान, सालई, धावडा, पळस, मोह आणि ताड. त्यामध्ये मुरमाड, वीतभर मातीची शेते. भिल्ल आणि भिलाला घरे एकत्र गाव करून राहत नाहीत. प्रत्येक घर आपल्या टेकाडावर, आपल्या शेतात, आणि अशा विखुरलेल्या घरांचा मिळून एक फलिया. पाणी थोडे आणि माती तुटक असेल तर माणूस असाच पसरून राहणार.

खाली नर्मदाकाठी याच्या उलट. हजारो वर्षांच्या पुरांनी आणून टाकलेला गाळ, खोल, काळा, सुपीक. कापूस, गहू, मिरची, केळी, पपई. गावे दाट, भिंतीला भिंत लागलेली. निसरपूर हे असे गाव होते आणि आसपासच्या डोंगराचा बाजार होते. पाटीदार शेतकरी, जैन व्यापारी, मुसलमान दुकानदार, नदीच्या गाळाच्या विटा आणि मडकी करणारे कुंभार, मासे धरणारे केवट, आणि आठवड्याच्या हाटाला डोंगरातून उतरणारे आदिवासी. उन्हाळ्यात नदी ओसरली की उघड्या वाळूत टरबूज आणि खरबुजाच्या वाड्या लागत. ती वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून जमीन नसलेल्या माणसालाही नदी पीक देत होती. महसुलाच्या दप्तरात ही शेती दिसत नाही, आणि जे दप्तरात नव्हते त्याची भरपाई मागायला लोकांकडे कागदही नव्हता.

याच नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा पाया १९६१ च्या ५ एप्रिलला पंडित नेहरूंच्या हस्ते घातला गेला. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये पूर्ण जलाशयाची पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरवली. लवादाने नर्मदेचे वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकरफूट धरले, त्यातले १८.२५ मध्य प्रदेशाला, ९ गुजरातला, अर्धा राजस्थानला आणि पाव महाराष्ट्राला. भिंत अनेक वर्षे १२१.९२ मीटरवर थांबली होती. नंतर दरवाजे बसले, २०१७ च्या जूनमध्ये ते बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. २१४ किलोमीटर लांबीचा हा जलाशय तीन राज्यांतल्या २४५ गावांना कमीअधिक लागला. त्यातली १९३ मध्य प्रदेशातली. महाराष्ट्रातली ३३ गावे आपल्यासमोरच्या काठाने खाली गेले की नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणीत येतात. २०१९ च्या पावसाळ्यात निसरपूरचा बाजार, घरे, देवळे पाण्याखाली गेली. शेजारचे चिखलदाही गेले.

आता तो उंचीचा हिशेब. १३८.६८ हा आकडा धरणाच्या भिंतीपाशी खरा आहे. पाणी अगदी स्थिर असेल तर वरपर्यंत तीच पातळी राहील. पण नदी पूर घेऊन येते, तेव्हा त्या पुराला पुढे सरकायला उतार हवा असतो. समोर तुंबलेले पाणी असल्यामुळे नदीतळाचा उतार कामाला येत नाही, मग पाणी वरच्या अंगाला स्वतः चढते आणि आपला उतार तयार करते. हा फुगवटा. निसरपूरपाशी तो आणखी वाढण्याचे कारण खाली आहे. इथे दरी रुंद आहे, पण थोडे पुढे हिरणफाळकडे विंध्य आणि सातपुडा एकमेकांजवळ येतात आणि नदी चिंचोळ्या खोऱ्यात शिरते. रुंद दरीतला पूर अरुंद तोंडातून जायला वेळ घेतो आणि मागे साचतो. त्यात वर ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही धरणे आहेत. त्यांचे दरवाजे कधी आणि किती उघडतील यावर निसरपूरची पातळी ठरते.

फुगवट्याचे गणित आधी एकदा झाले होते आणि त्याप्रमाणे गावांत खुणा ठोकल्या होत्या. नंतर नवे गणित आले, पातळ्या खाली दाखवल्या गेल्या आणि मध्य प्रदेशातली १५,९४६ कुटुंबे बुडिताच्या यादीतून वगळली गेली. २०२३ च्या सप्टेंबरच्या मध्यावर मोठा पूर आला, तेव्हा यातल्या कित्येक घरांत पाणी शिरले. श्रोतेहो, गणित चुकू शकते, नदीचे गणित अवघडच असते. पण ज्या गणिताच्या आधारे हजारो घरांना तुम्ही सुरक्षित आहात असे सांगितले, त्याची पडताळणी पाणी दारात येईपर्यंत होऊ नये, हे मला असह्य वाटते.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. व्हिएतनामच्या वायव्येला सोन ला हा डोंगराळ प्रांत आहे. दा नदीच्या खोऱ्यात थाई लोक दरीच्या तळाशी भातशेती करतात आणि ह्मोंग लोक वरच्या डोंगरांवर मका पिकवतात. तिथेही कोण कुठे राहतो हे उंची ठरवते. २०१२ च्या डिसेंबरात तिथे २,४०० मेगावॉटचे धरण सुरू झाले आणि नव्वद हजारांहून अधिक माणसांना हलावे लागले. त्यात बहुसंख्य खोऱ्यातले थाई होते. पाण्यात खाचरे करणारा शेतकरी डोंगरउतारावर गेला, म्हणजे त्याला घर मिळाले, जमीनही मिळाली, पण पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान ज्या उंचीचे होते ती उंची राहिली नाही. निसरपूरच्या केवटाचे आणि कुंभाराचे असेच झाले. पुनर्वसनाच्या वसाहतीत गाळ नाही, वाहते पाणी नाही. कित्येक वसाहती काळ्या मातीवर उभ्या आहेत. पावसात ती माती फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि पाया खोल नसेल तर घराच्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात.

याच काळात पाणी उलट्या दिशेने चढू लागले. १९७८ पासून इंदूर नर्मदेचे पाणी पिते, जलूदहून पंपाने वर आणलेले. २०१४ मध्ये ओंकारेश्वरचे पाणी साडेतीनशे मीटर उचलून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडले गेले. माळवा आता निमाडाच्या पाण्यावर तहान भागवतो. नर्मदेच्या पाण्याचा नळ सोडणाऱ्या माळव्यातल्या प्रत्येकाचा म्हणून निसरपूरशी संबंध आहे, आणि आज मी हा विषय निवडला त्याचे हेच कारण आहे.

समोर काही शिक्षक बसले आहेत, त्यांना एक काम सुचवतो. कुक्षी, मनावर, धरमपुरी आणि बडवानीकडच्या काठावर ज्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांवर २०१९ आणि २०२३ च्या पाण्याच्या रेषा दिसतात. मुलांना घेऊन जा. साध्या पातळीयंत्राने, जवळच्या खुणेपासून त्या रेषांची उंची मोजा. गावाचे नाव, तारीख, रात्री किती वाजता पाणी चढले, उतरायला किती दिवस लागले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा. वरून पाणी सोडल्याची सूचना गावाला मिळाली का आणि किती तास आधी, हेही लिहा. दर पावसाळ्यानंतर एकदा. ती वही ग्रामपंचायतीत एक आणि शाळेत एक अशी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फुगवट्याचे गणित कुणी मांडले की त्याच्याशेजारी ठेवायला गावाचा स्वतःचा आकडा असेल.